मे महिन्यात सोलापूर किती उंच असतं?

निवडणुकीचे दिवस होते. सोलापूरच्या एका मैदानावर हेलिकॉप्टर उतरणार होतं आणि सकाळपासून तयारी चालू होती. टँकरनं पाणी मारून धूळ बसवली. फक्कीनं मोठं वर्तुळ आखून मध्ये इंग्रजी 'एच' काढला. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून बांबूला कापडी नळी बांधली, आणि अग्निशमन दलाचा बंब बाभळीच्या सावलीत येऊन उभा राहिला. माझ्याबरोबर बहिणीचा मुलगा होता, सहावीतला. सभा आटोपून दुपारी दोनच्या सुमाराला मंडळी परत निघाली, तेव्हा हेलिकॉप्टर जेमतेम पुरुषभर उंच उठलं, क्षणभर तिथंच थरथरत राहिलं, मग नाक खाली करून मैदानावरून पुढं पळत सुटलं आणि कुंपणापाशी गेल्यावर वर चढलं. भाचा म्हणाला, "मामा, हे सरळ वर का नाही गेलं? सिनेमात तर सरळ जातं."

प्रश्न मला फार आवडला. हेलिकॉप्टरचा सगळा धंदा त्या एका प्रश्नात आहे.

डोक्यावर फिरणारी पाती हवा खाली ढकलतात, म्हणून हेलिकॉप्टर वर राहतं. ढकलायची ती हवा दाट असेल तर काम सोपं, विरळ असेल तर अवघड. डोंगरावर हवा विरळ असते, हे आपण शाळेत शिकलो. पण हवा तापली की तीही पसरते आणि विरळ होते, याचा विचार आपण सहसा करत नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटर उंच आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४३ अंशांवर गेला की इथल्या हवेची घनता इतकी उतरते, की वैमानिकाला आपण १५०० ते १६०० मीटर उंचीवर आहोत असं धरून हिशोब करावा लागतो. या हिशोबी उंचीला वैमानिक घनता-उंची म्हणतात. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे आणि राज्यातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे सोलापुरात होटगी रोडवर उभं असलेलं हेलिकॉप्टर उन्हाळ्याच्या दुपारी महाबळेश्वरच्याही वर, कळसूबाईच्या माथ्याजवळ पोचलेलं असतं. त्याच जागी जानेवारीच्या पहाटे ते बरंच खाली उतरलेलं असतं. जागा तीच, उंची मात्र ऋतूप्रमाणे बदलते.

त्यात एका जागी लटकून राहणं हे हेलिकॉप्टरचं सगळ्यात खर्चिक काम. आपणच खाली ढकललेल्या हवेत ते बसलेलं असतं आणि तीच घुसळलेली हवा पुन्हा पात्यांवर येते. थोडा वेग घेतला की समोरून ताजी हवा मिळते आणि तेवढ्याच ताकदीत जास्त वजन पेलतं. जमिनीला अगदी लगटून असताना खाली ढकललेली हवा जमिनीवर अडते आणि तिचा थोडा आधार मिळतो. म्हणून आमच्या मैदानावरचा वैमानिक आधी त्या आधारावर उठला, त्याच आधारावर पळत वेग घेतला आणि मग वर गेला. सरळ वर जायचं तर आतली दोन माणसं खाली ठेवावी लागली असती.

ही वजनाची गोष्ट मला स्वतःला कळली ती केदारनाथच्या वाटेवर. आईला घेऊन गेलो होतो. हेलिपॅडवर तिकिटाच्या आधी वजनकाटा. आईचं वजन, माझं वजन, मग पिशवीचं. पिशवी भरली जास्त. आईनं सोलापूरहून आणलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा गठ्ठा तिथल्या दुकानदाराकडे ठेवून आम्ही पुढं गेलो. आईला वाईट वाटलं. पण केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, तिथली हवा मुळातच पातळ, आणि पाच-सहा माणसांचं ते यंत्र. वजनाला तिथं किती मोल आहे, हे मला नंतर वाचताना उमगलं, आणि तिथूनच या विषयाची ओढ लागली.

नागरी वापराचा परवाना मिळालेलं जगातलं पहिलं हेलिकॉप्टर म्हणजे अमेरिकेतलं बेल ४७. परवान्याची तारीख ८ मार्च १९४६. पुढं काचेचा गोल बुडबुडा आणि मागं उघड्या नळ्यांची शेपटी, हे त्याचं रूप जुन्या चित्रपटांतून अनेकांनी पाहिलं असेल. सुरुवातीच्या यंत्रात वैमानिक आणि फार तर आणखी एखादा माणूस बसे. इतक्या महागड्या यंत्रानं करायचं काय, हा प्रश्न होता. शहरात रस्ते होते, रेल्वे होती, विमानं होती. जिथं यातलं काहीच नव्हतं तिथंच या यंत्राला गिऱ्हाईक मिळणार होतं.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कार्ल एगर नावाचा वैमानिक होता. अल्फ स्ट्रिंगर आणि बार्नी बेंट या दोन साथीदारांबरोबर त्यानं १९४७ मध्ये ओकानागन खोऱ्यात कंपनी काढली आणि एक बेल ४७ घेतलं. बेत साधा होता, फळबागांवर औषध फवारायचं. त्यातून पोट भरेना. मग १९४८ मध्ये डोंगराळ भागाची मोजणी करणाऱ्या सरकारी पथकाचं काम मिळालं. मोजणीदारांना एकेका शिखरावर उपकरणं पाठीवर घेऊन चढायला दिवसच्या दिवस लागत, आणि वर पोचल्यावर ढग आले तर तिथंच थांबावं लागे. एगर त्यांना काही मिनिटांत वर सोडू लागला.

पण डोंगरात हेलिकॉप्टर कसं उडवायचं, हे तोवर कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. यंत्र दुबळं, हवा विरळ. एगरनं ते स्वतः उडून शोधून काढलं. डोंगराच्या कुठल्या अंगाला वारा वर चढतो आणि कुठल्या अंगाला खाली आपटतो, हे ओळखून त्या चढत्या वाऱ्याचा आधार घ्यायचा. आणि उतरायचं ते कड्याच्या काठाशी, म्हणजे परत निघताना सरळ वर उठण्याची ताकद नसली तरी काठावरून खाली झेपावून वेग घेता येतो. आमच्या मैदानावरच्या वैमानिकानं कुंपणापर्यंत धाव घेतली ती याच हिशोबानं, फक्त त्याच्यापुढं कडा नव्हता. पुढं किटिमॅट-केमानो इथल्या अॅल्युमिनियम आणि जलविद्युत प्रकल्पाची कामं आली, आणि एका यंत्रावर सुरू झालेली ती कंपनी जगातल्या मोठ्या हेलिकॉप्टर कंपन्यांत गणली जाऊ लागली. डोंगरातलं उड्डाण शिकायला दुसरे वैमानिक तिच्याकडे येऊ लागले. मला या माणसाचं मोठेपण यात वाटतं, की त्यानं यंत्राची कमजोरी लपवली नाही, ती धरूनच पद्धत बसवली.

अमेरिकेत लुइझियानाच्या दलदलीत दुसरी सुरुवात झाली. तिथं तेल शोधणाऱ्या पथकांना चिखलातून ने-आण करण्यासाठी १९४९ मध्ये तीन बेल ४७ घेऊन एक कंपनी निघाली. तेलविहिरी दलदलीतून समुद्रात सरकल्या, तसं हेलिकॉप्टरही त्यांच्यामागं समुद्रावर गेलं. महाराष्ट्राचा संबंध येतो तो इथं.

आपल्याकडे दुर्गम म्हटलं की गडचिरोली, मेळघाट, धडगाव आठवतं. पण मुंबईच्या पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवर समुद्रात हजारो माणसं राहतात, कामं करतात, जेवतात, आजारी पडतात, आणि तिथं पोचायला एकही रस्ता नाही. जपानमध्ये बांधलेल्या 'सागर सम्राट' या समुद्री रिगनं ३१ जानेवारी १९७४ रोजी तिथं खोदायला सुरुवात केली आणि फेब्रुवारीत तेल लागलं. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. मुंबई हाय हे या तेलक्षेत्राचं नाव सगळ्यांना माहीत झालं, पण तिथली माणसं तिथं जातात कशी, हे फारसं कुणी विचारलं नाही.

बोटीनं जायचं तर आठ-दहा तास, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटीतून प्लॅटफॉर्मवर चढणं हीच मोठी जोखीम. क्रेनला बांधलेल्या टोपलीत उभं राहून वर जायचं, खाली बोट वरखाली होत असते. हेलिकॉप्टरला पाऊण-एक तास पुरतो. सुरुवातीची वर्षं ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीचं हे काम भाड्यानं आणलेल्या परदेशी हेलिकॉप्टरांवर आणि आपल्या हवाई दलाच्या मदतीवर चाललं. १५ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारनं स्वतःची हेलिकॉप्टर कंपनी स्थापन केली, तीच पुढं पवनहंस झाली. मुंबईतला तळ जुहूला. योगायोग असा, की १९३२ साली जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन याच जुहूच्या धावपट्टीवर उतरले, तीही तारीख १५ ऑक्टोबरच होती.

आमच्या शेजारचा एक मुलगा सोलापुरातच डिप्लोमा करून मुंबई हायवर कामाला लागला. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. त्याला मी खोदून खोदून विचारलं. जुहूला पहिली गोष्ट वजनकाटा, माणसाचं आणि बॅगेचं. मग लाइफ जॅकेट अंगावर चढतं आणि सूचनांचा व्हिडिओ होतो. पण त्याआधी, नोकरीच्या सुरुवातीलाच, एक प्रशिक्षण असतं, त्याची आठवण सांगताना तो अजून गंभीर होतो. हेलिकॉप्टरच्या केबिनसारखा एक सांगाडा असतो. त्यात पट्टा बांधून बसवतात, पाण्याच्या मोठ्या टाकीत बुडवतात आणि पाण्याखाली उलटा करतात. डोकं खाली, पाय वर, नाकात पाणी. शिकवलेलं असतं ते एवढंच, की एक हात खिडकीच्या चौकटीवर घट्ट ठेवायचा, सांगाडा फिरायचा थांबेपर्यंत दम धरायचा, खिडकी ढकलायची आणि मगच पट्टा सोडायचा. हात सुटला तर वर कुठं आणि खाली कुठं, काही कळत नाही. हेलिकॉप्टरचं इंजिन आणि पाती वरच्या बाजूला असल्यानं ते पाण्यात पडलं की उलटण्याचा संभव फार असतो, म्हणून हा सराव. यंत्रालाही फुगे बसवलेले असतात, पाण्यावर टेकताच ते फुगतात.

उतरायची जागा म्हणजे समुद्रावर उंच उभारलेला एक मंच, हेलिडेक. वर जाळी अंथरलेली, कडेला आग विझवायला तयार माणसं. मंचाच्या काठापर्यंत हवेचा आधार मिळतो आणि काठ ओलांडला की खाली एकदम समुद्र. एगरनं कड्यावर जे केलं, तेच इथं रोज चालतं.

पवनहंसच्या सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट मात्र फार महागात पडली. फ्रान्सकडून सत्तावीस डॉफिन हेलिकॉप्टरं घेतली, त्याबरोबर ब्रिटनकडून एकवीस वेस्टलँड ३० घेतली. ब्रिटननं त्यासाठी साडेसहा कोटी पौंडांच्या आसपास मदत देऊ केली होती आणि दोन्ही देशांच्या राजकारणाचा त्यात मोठा भाग होता. यंत्र मुळात थंड देशातलं. उष्ण हवेत आणि उंचीवर त्याची ताकद अपुरी पडे. १९८८ मध्ये वैष्णोदेवीच्या मार्गावर आणि १९८९ मध्ये नागालँडमध्ये दोन वेस्टलँड कोसळली, माणसं दगावली. दोन्ही ठिकाणं डोंगराळ. त्यानंतर हा सगळा ताफा जमिनीवरच राहिला आणि पुढं काही वर्षांनी उरलेली यंत्रं सुमारे नऊ लाख पौंडांत विकली गेली. डॉफिन मात्र पुढं कित्येक वर्षं मुंबई हायच्या फेऱ्या करत राहिली. माझं स्पष्ट मत आहे, की मदत म्हणून मिळालेल्या यंत्राचीही मेच्या दुपारी, भरल्या वजनानं, आपल्याच देशातल्या उंचीवर परीक्षा व्हायला हवी होती.

समुद्रावर हेलिकॉप्टर नसेल तर काय होतं, याचं उत्तर २७ जुलै २००५ रोजी मिळालं. आदल्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. किनाऱ्यावरची हेलिकॉप्टरं जमिनीला खिळली होती. मुंबई हायमध्ये 'समुद्र सुरक्षा' या जहाजावर एका स्वयंपाक्याच्या बोटांची टोकं कापली गेली. एरवी हेलिकॉप्टर आलं असतं, त्याला उचलून जुहूला नेलं असतं. ते येणं शक्य नव्हतं, म्हणून जहाज शेजारच्या मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मजवळ आणलं आणि क्रेनच्या टोपलीतून त्याला वर पोचवलं. तो वर पोचला. पण खवळलेल्या समुद्रात जहाज हेलकावलं आणि प्लॅटफॉर्मच्या वायूवाहिनीवर आदळलं. वायू पेटला. दोन तासांत तो अवाढव्य प्लॅटफॉर्म जळून समुद्रात कोसळला. प्लॅटफॉर्म, शेजारची रिग आणि जहाज मिळून ३८४ माणसं होती. नौदल, तटरक्षक दल आणि आसपासच्या बोटींनी ३६२ जणांना वाचवलं, बावीस जण गेले. जहाज पुढं १ ऑगस्टला बुडालं. जहाजाच्या यंत्रणेतले दोष, प्लॅटफॉर्मची रचना, अशी कारणं पुष्कळ दाखवता येतात आणि ती खरीही आहेत. पण साखळीचा पहिला दुवा बघितला तर बोटं कापलेल्या एका माणसाला दवाखान्यात न्यायला हेलिकॉप्टर नव्हतं, एवढाच आहे.

हेलिकॉप्टरनंही या समुद्रात माणसं गमावली आहेत. ११ ऑगस्ट २००३ रोजी ओएनजीसीच्या कामावरचं एमआय-१७२ समुद्रात पडलं, २७ जणांचा मृत्यू झाला. जानेवारी २०१८ मध्ये डॉफिन कोसळलं, सात जण गेले. जून २०२२ मध्ये सागर किरण रिगजवळ एका हेलिकॉप्टरला पाण्यावर उतरावं लागलं, नऊपैकी पाच वाचले. शेजारचा तो मुलगा दर चौदा दिवसांनी जुहूला वजनकाट्यावर उभा राहतो, तेव्हा त्याची आई फोन येईपर्यंत देव्हाऱ्यापुढून उठत नाही.

जमिनीवरचा आपला दुर्गम भाग म्हणजे गडचिरोली. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. निवडणुकीत मतदान पथकं आणि यंत्रं हेलिकॉप्टरनं आत न्यावी लागतात. हे काम धंदा म्हणून परवडणारं नाही, ते सरकारनंच करायचं आहे. आणि इथं मला सोलापूरच्या विमानतळाची आठवण येते. आपल्या शहरातून विमान उडावं म्हणून उड्डाणाच्या आड येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीवरून किती वर्षं वाद चालला आणि जून २०२३ मध्ये ती चिमणी कशी पाडली, हे इथं प्रत्येकाला पाठ आहे. दोन वर्षांनी, जून २०२५ मध्ये, गोव्याचं विमान सुरू झालं. विमानाला मोकळी धावपट्टी लागते आणि तिच्यासमोरचं आभाळही मोकळं लागतं. हेलिकॉप्टरला एक मैदान पुरतं. तरी ते रोजच्या प्रवासाचं साधन होत नाही, कारण प्रत्येक माणसामागं जाळावं लागणारं इंधन आणि देखभालीचे तास विमानाच्या कितीतरी पट जास्त. रस्ता असेल तिथं हेलिकॉप्टर हरतं. रस्ता नसेल किंवा वाहून गेला असेल, तिथं त्याला पर्याय नाही.

तसा दिवस आपल्याकडेही आला. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला असा पूर आला की माढा, करमाळा, मोहोळ भागांत गावंच्या गावं पाण्यानं वेढली. दुष्काळी म्हणून आयुष्य काढलेल्या आमच्या पट्ट्यात बोटी आल्या, लष्कर आलं, आणि शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात अडकलेल्या माणसांना उचलायला हेलिकॉप्टर आलं. पूर असल्यानं हवा दमट असली तरी मेइतकी तापलेली नव्हती, तेवढी एक गोष्ट वैमानिकांच्या बाजूची.

म्हणून वाचकांना काही गोष्टी सांगतो. घरातल्या मुलांनाही सांगा. कधी तुमच्या गावाजवळ हेलिकॉप्टर उतरणार असेल, तर मोकळ्या रानातले प्लॅस्टिकचे कागद, ताडपत्र्या, सुटे पत्रे आधी उचला. पात्यांच्या वाऱ्यानं ते उडतात आणि वरून पात्यांत येऊ शकतात. डोक्यावरची टोपी, पदर, टॉवेल आवरून घ्या. वैमानिकाला दिसाल असंच, समोरच्या बाजूनं, वाकून आणि त्यानं हात केल्यावरच जवळ जा. जमीन उताराची असेल तर चढाच्या बाजूनं कधी जाऊ नका, तिकडं पाती माणसाच्या डोक्याइतकी खाली येतात. आणि शेपटीकडे तर कुणीही, कसल्याही घाईत, जायचं नाही. शेपटीचा छोटा पंखा फिरताना डोळ्यांना दिसत नाही.